वार्निशचा दुसरा हात

इनूसभाईंनी सागाच्या एका तुकड्यावर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले, वाळल्यावर तो तुकडा व्हरांड्यातल्या उन्हात धरला आणि म्हणाले, "ह्यो चपड्याचा. आन् ह्यो वार्निशचा. बगा बाई, तुमीच सांगा आता."

चपड्याचा पट्टा बरा होता, जुन्या पेटीसारखा मंद. वार्निशच्या पट्ट्यात मात्र मला व्हरांड्याचा खांब दिसला, खांबावरची वेल दिसली.

"वार्निश," मी म्हटलं.

"घाई करू नगा. चपडा म्हंजे लाख. स्पिरिटमधी विरघळायची आन् बोळ्यानं मारायची. तासाभरात खुशाल पाय टाका. वार्निशला तेल असतंय, त्याला वाळाया दिवस लागतो. आन् ह्या पाचगणीच्या हवंत तर दीड दिवस धरा. घरात माणूस ऱ्हातंय, बाई. म्हातारं माणूस."

म्हातारं माणूस, म्हणजे माझे वडील, व्हरांड्याच्या पायरीवर बसून दोरीची गाठ सोडवत होते. आपल्याविषयी बोलणं चाललं की आबांच्या हाताला नेहमीच काहीतरी काम निघायचं.

"चकाकी कशाची जास्त टिकते?"

"वार्निशची. त्यात वाद न्हाई."

"मग झालं तर."

एक घाव दोन तुकडे हा माझा स्वभाव. शाळेत पोरी मला त्यावरून टरकून असत आणि मला त्याचा अभिमान होता. इनूस तांबोळी वाईहून रोज पहिल्या एसटीने येत. पाचगणीतल्या निम्म्या बंगल्यांच्या जमिनी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी तो तुकडा फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा विषय काढला नाही.

मला काय हवं होतं ते आधी सांगते. मला रविवारी वास्तुशांतीला आमच्या नव्या घराच्या हॉलमध्ये मधोमध एक खुर्ची मांडायची होती, तिच्यावर आबांना बसवायचं होतं आणि माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेपासून सगळ्यांनी व्हरांड्याच्या दारातून चालत येऊन त्यांना नमस्कार करायचा होता. बाकी कशाचं मला काही पडलं नव्हतं.

त्याला कारण होतं. हा हॉल ज्या बंगल्यातला, तो बंगला मुंबईच्या एका पेढीवाल्यांचा. आबा तिथे एकतीस वर्षं कामाला होते. जमीन पुसणं, मेण लावणं, घासणं, पाहुणे आले की बुटांचे डाग काढणं. बाईसाहेब मारणाऱ्या किंवा शिव्या देणाऱ्या नव्हत्या, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना फक्त जमिनीवर पाय उमटलेला चालत नसे. नोकरांनी भिंतीच्या कडेने, अनवाणी, एकाच फळीवरून जायचं, असा तिथला नियम. आबांना तो इतका अंगवळणी पडला होता की आमच्या बाजारातल्या शेणाने सारवलेल्या खोलीतसुद्धा ते भिंतीला धरून चालत. कधी पाय उमटलाच तर म्हणायचे, "चुकलं बाईसाहेब. फिरून न्हाई हुयाचं." लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. हे वाक्य मी दारामागून इतक्या वेळा ऐकलं होतं की घरी आल्यावर भावलीला तेच म्हणायला लावत असे.

पुढे बाईसाहेब गेल्या, वारसांनी बंगल्याचे तीन भाग करून विकले. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, खाणारी तोंडं दोनच. हॉलचा भाग मी घेतला. हॉल, त्याच्यामागे एक लहान खोली, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली नि स्वयंपाकघर. मागच्या खोलीला पूर्वी बाहेर जायचं दार होतं, ते वाटणीत चिणून टाकलं. आता तिला एकच दार उरलं, हॉलमध्ये उघडणारं, आणि मागच्या अंगाला गजांची एक खिडकी.

आबांसाठी मी पुढची उजेडाची खोली, आता माझी आहे ती, ठेवली होती. त्यांनी मागची मागितली. ती पूर्वी भांडी ठेवायची खोली होती आणि घंटा वाजेपर्यंत आबा तिथेच स्टुलावर बसून असत.

"आबा, मालक आहात आता तुम्ही. तिथं कशाला कोंडून घेता?"

"मला बरी वाटती ती. वळखीची हाय."

आणि हॉलमधून जाताना भिंतीच्या कडेने जात. स्वतःच्या मुलीच्या घरात. मी रोज बघत होते आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जमीन आरशासारखी करायची आणि आबांना तिच्यावरून मधून चालवायचं, हे माझ्या डोक्यात तिथून बसलं.

वास्तुशांतीच्या आदल्या रविवारी सामान काढलं. टेबल, कपाट, खुर्च्या, सगळं व्हरांड्यात. टेबल आम्ही तिघांनी खणांसकट उचललं तेव्हा आबा म्हणाले, "कौसे, त्या खणात माझं..."

"असू दे आबा. सगळं जागच्या जागी आहे, कुठं पळून जात नाही. तुम्ही तुमची बाजू नीट धरा."

त्यांनी बाजू नीट धरली.

तो दिवस आणि सोमवार, असे दोन दिवस इनूसभाईंनी काचेच्या तुकड्याने आणि पॉलिशपेपरने फळ्या खरवडल्या. जुनं मेण निघालं, खालून सागाच्या रेषा वर आल्या. आबा आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून बघत. मधूनच म्हणत, "त्या तिसऱ्या फळीला गाठ हाय, जपून," आणि इनूसभाई म्हणत, "व्हय की, बरी ठावं तुमास्नी." त्या दोन दिवसांत आबा खूप बोलले. कुठल्या फळीवर पियानोचा पाय होता, कुठे एका साहेबाने जळती सिगार टाकली होती. तो डाग मिटवायला त्यांना चार महिने लागले होते. मी वह्या तपासत व्हरांड्यात बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, रविवारी खुर्ची नेमकी त्या डागाच्या जागी ठेवते की नाही बघा.

मंगळवारी पहिला हात झाला, टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. त्या दिवशी आबांना मी माझ्या खोलीत ठेवलं. संध्याकाळी मी शाळेतून आले तर भिंतीच्या कडेला आठ-दहा ठिकाणी पायाच्या बोटांचे ठसे. आबा घोंगडी आणायला आपल्या खोलीत जाऊन आले होते. चवड्यांवर, कडेने, जमेल तितक्या हलक्या पावलाने.

"आबा! सांगितलं होतं ना पाय ठेवायचा नाही म्हणून? पन्नासदा सांगितलं होतं!"

"थंडी वाजाया लागली गं. मला वाटलं कडंनं वाळलं आसंल."

"मला वाटलं, मला वाटलं! आयुष्यभर जमिनी केल्यात, एवढं कळत नाही?"

इनूसभाई ब्रश धूत होते. ते मध्ये पडले. "आवो बाई, पयला हात हाय. उद्या घासताना जातंय सगळं. काय न्हाई त्यात."

 आबा रात्रभर खोकत राहिले.

बुधवारी जमीन वाळली, इनूसभाईंनी ठसे घासून काढले. गुरुवारी दुसरा हात मारायचा, जाड, निव्वळ वार्निशचा. सकाळी आठला ते आले तेव्हा खिडकीबाहेर धुकं होतं. दरीच्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं.

"बाई, एक करू," ते म्हणाले. "ही भितीकडची एक फळी सोडतो. आबांस्नी जाया-यायला. उद्या वाळलं की तेवढी मारतो."

"सांधा दिसेल?"

"दिसंल थोडा. उजेडात बगितलं तर."

"मग नको. सगळं एकदम होऊ दे."

"मग आबांस्नी तुमच्या खोलीत..."

"नको. तिथं भाड्याची भांडी आलीत, सतरंज्या आल्यात. आणि बाहेर राहिले की हे फिरणार. परवा बघितलंत ना? आत बसले तर पाय पडायचा प्रश्नच नाही."

हे मी आबांच्या समोर म्हटलं. ते लगेच उठले.

"बसतो की आत. एका दिसाचं काय. हितं तर सारा जल्म बसलोय."

मी त्यांच्या खोलीत थर्मास ठेवला, दोन भाकऱ्या, पाण्याची कळशी, कोपऱ्यात लघवीसाठी डबा. दुपारचं गरम जेवण खिडकीच्या गजांतून देणार होते. सगळा विचार केला होता मी. वर्गात सहलीची यादी करतात तशी मनातल्या मनात उजळणीसुद्धा केली होती.

इनूसभाईंनी आबांच्या दारापासून सुरुवात केली आणि लाकडाच्या रेषेने ब्रश ओढत, गुडघ्यांवर मागे मागे सरकत, दहाच्या सुमारास व्हरांड्याच्या दारातून बाहेर आले. मागे नुसतं पाणी पसरल्यासारखी जमीन. पलीकडच्या टोकाला आबा दारात उभे होते आणि त्या जमिनीत उलटे दिसत होते.

"झ्याक झालंय, इनूस," ते पलीकडून म्हणाले.

"तुमच्याकडनंच शिकलोय, आबा."

"वार्निश कुठं हुतं आमच्या वक्ताला? मेणच." आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

इनूसभाई वाईला गेले, मी शाळेत गेले. शाळा दहा मिनिटांवर.

एक वाजता मी जेवायच्या सुट्टीत आले. धुकं विरलं नव्हतं. येताना बाजारातून गरम वडे घेतले होते, आबांना आवडत. आधी जमीन बघू म्हणून व्हरांड्याचं दार उघडलं, आणि मला आबांच्या दारासमोर डाग दिसले.

एवढ्या लांबूनही कळत होतं. दारापासून दोन पावलं, अगदी मधून. त्यांच्या आसपास फासल्यासारखं झालेलं. आरशाला कुणी बोट लावावं तसं सगळं बिघडलं होतं.

"आबा!"

 दार अर्धवट उघडं होतं, ते दिसत नव्हते.

"आबा, पाय ठेवलात ना?"

थोड्या वेळाने आवाज आला. "व्हय."

"का? काय काम होतं बाहेर? सगळं दिलं होतं ना आत? एक दिवस, एक दिवस बसा म्हटलं तर बसवत नाही? कुणासाठी करतेय मी हे? मला हौस आहे का? तुम्हाला मधे खुर्चीवर बसवायचं म्हणून मी मरमर मरतेय, आणि तुम्ही पायाने सगळं मातीत घालता! इनूसभाईंना काय तोंड दाखवू? लोक रविवारी येतील ते काय बघतील?"

आणखीही बोलले. ते सगळं मला पाठ आहे, पण लिहिणार नाही.

मी थांबले तेव्हा आतून आबा म्हणाले, "चुकलं बाईसाहेब. फिरून न्हाई हुयाचं."

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. टोमणा! ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो त्याने असा टोमणा मारावा? आबांनी मला आयुष्यात कधी टोमणा मारला नव्हता, हे त्या क्षणी मला आठवलं नाही.

"बसा तसेच आता!" मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

वड्यांचा पुडा स्वयंपाकघरात आपटला. खिडकीकडे गेले नाही. घराला वळसा घातला असता तर तीस-चाळीस पावलं. न जेवताच शाळेत परत गेले आणि सहावीच्या वर्गावर दुपारभर आग पाखडली.

चार वाजता आले तेव्हा राग ओसरला होता. राग ओसरल्यावर मला नेहमी लाज वाटते आणि लाज वाटली की मी चहा करते. चहा केला, वडे तव्यावर गरम केले. व्हरांड्याचं दार उघडून हाक मारली.

"आबा, चहा घेता ना?"

उत्तर नाही.

"आबा, रुसलात का? चुकलं माझं. बघू, इनूसभाई उद्या करतील नीट."

उत्तर नाही. मी उंबऱ्यात बसून जमिनीला बोट लावलं. बोट चिकटलं. अजून ओलं होतं.

इथे मी काय केलं ते सांगायला हवं. मी थांबले. चहाची कपबशी हातात घेऊन, उंबऱ्याच्या अलीकडे, पाच मिनिटं, कदाचित दहा. हाका मारत राहिले, पण जमिनीवर पाय ठेवला नाही. चहावर साय आली. मग कप ठेवला आणि घराला वळसा घालून खिडकीशी गेले.

आबा दाराला लागून आतल्या बाजूला बसले होते. पाय लांब, पाठ चौकटीला टेकलेली, मान छातीवर. उजव्या हातात पंचा. भाकरी तशीच झाकलेली.

मी परत पळत आले आणि चपलांसकट त्या जमिनीवरून धावले. चपला चिकटत होत्या, प्रत्येक पावलाला चरचर आवाज येत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शेजारच्या भागातले लोक आले, डॉक्टर आले. सगळे हॉलमधून चालत गेले, दुसरी वाटच नव्हती. डॉक्टरांनी डोळे बघितले, हात उचलून बघितला.

"दोन-अडीच तास होऊन गेले. दुखणं त्याच्या आधी सुरू झालं असणार. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी मी दिली होती ना यांना? ती घेतली नाही?"

"घेतली असेल."

"बघा बरं कुठं आहेत गोळ्या."

मी आबांच्या उशाखाली बघितलं, कोटाच्या खिशात, कोनाड्यात. मग एकदम आठवलं. व्हरांड्यात गेले, टेबलाचा खण ओढला. गोळ्यांची बाटली होती तिथेच होती, जागच्या जागी.

बाटलीत गोळ्या होत्या. मी ती मुठीत धरून डॉक्टरांसमोर उभी राहिले. डॉक्टर भला माणूस. त्याने बाटलीकडे बघितलं, मग त्या जमिनीकडे, आणि काही विचारलं नाही.

आमचे भाऊबंद जावळीकडचे, ते येऊन सगळं करून गेले. वास्तुशांत झाली नाही, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी इनूसभाई आले. मी बोलावलं नव्हतं. बोळ्यांची पिशवी खाली ठेवून ते व्हरांड्यात बसले, डोळे पुसले. मग म्हणाले, "काम आर्दं टाकून कसं चालंल? बगू द्या."

जमीन एव्हाना दगडासारखी वाळली होती. शंभरएक पायांचे डाग तिच्यात कायमचे बसले होते. माझ्या चपला, डॉक्टरांचे बूट, तिरडीवाल्यांचे पाय. इनूसभाई गुडघ्यांवर बसले आणि हाताचा तळवा फिरवत फिरवत आबांच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

"बाई, हिकडं या."

मी गेले.

"ही बाकीची समदी पावलं वरच्यावर हायत. वार्निश चिकटात आलं तवाची. ही मातूर खोल गेल्यात. वल्यात पडल्यात. मी गेल्यावर दोन तासाच्या आत." त्यांनी बोटाने दाखवलं. "ही दोन भाईर जातानाची. टाच हितं, बोटं तिकडं, व्हरांड्याच्या दाराकडं. आन् ही दोन परत येतानाची. बगा, पाय ओढलाय."

"हं."

"मधल्या मधी फिरलं. व्हरांडा धा-बारा पावलं ऱ्हायला हुता." ते जरा वाकले. "आन् हे फासल्यालं बगितलं का? पंच्यानं पुसलंय. पर आडवंतिडवं न्हाई. रेषेनं पुसलंय, लाकडाच्या रेषेनं. पाय उमटल्यालं दिसलं तवा म्हातारा वाकून बसला आन् मिटवाया लागला. छातीत कळ आसताना." त्यांनी तळव्याने ती जागा चाचपली. "दारात बसून हात पोचंल तेवढं मिटवलंय. पुढचं ऱ्हायलं."

मी त्यांच्याशेजारी उभी होते. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. दहा आणि दोन बारा. मी आले एक वाजता. डाग तेव्हा तिथे होते, पुसणं तेव्हा झालेलं होतं. म्हणजे मी व्हरांड्याच्या दारात उभी राहून ओरडत होते तेव्हा आबा चौकटीला टेकून, हातात पंचा घेऊन बसले होते. बाटली माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, गोळी दे, तर मी खिडकीतून दिली असती. पण समोर जमीन बिघडलेली होती आणि दारातून एक बाई ओरडत होती. अशा वेळी काय म्हणायचं ते त्यांना एकतीस वर्षं पाठ होतं. टोमणा नव्हता तो.

मी एक वाजता येऊन गेले होते, हे मी इनूसभाईंना सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, भाऊबंदांना नव्हतं. आज तेवीस वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे.

"काय करायचं?" इनूसभाईंनी विचारलं. "बाकीचं घासतो. ही म्हाताऱ्याची पावलं ठिवायची आसतील तर ठिवतो. आठवण म्हणून. वरनं पातळ हात मारला की ऱ्हातील."

चांगल्या मुलीने ठेवली असती. मला मात्र वाटलं, इनूसभाईंनी वाचली तशी ती उद्या आणखी कुणी वाचली तर? कुणी विचारलं, पोरगी कुठं होती तेव्हा?

"घासून काढा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पॉलिशपेपर घेतला. आबांच्या दारापासूनच सुरुवात केली, लाकडाच्या रेषेने. चार दिवस लागले. शेवटी बोटभर खूण राहिली नाही, खालची सागाची फळी तेवढी राहिली.

"आता ह्याच्यावर काय मारू?"

"तुम्हाला काय वाटतं ते मारा."

त्यांनी पिशवीतून चपड्याची बाटली काढली, मलमलीच्या तुकड्यात कापसाचा बोळा बांधला आणि दारापासून मागे मागे सरकत व्हरांड्यापर्यंत आले. मी पायरीवर आबांच्या जागी बसले होते. इनूसभाईंनी हात पुसले, बिडी ओढली, मुलाबाळांचं काहीबाही सांगितलं. मग उठून जमिनीला पालथा हात लावून बघितला.

"वाळलं, बाई. टाका पाय."

मी घड्याळात बघितलं. तासही झाला नव्हता.

"या की. मदनं या. काय हुत न्हाई आता."

मी उठले, चपला काढून पायरीखाली ठेवल्या, आणि भिंतीला धरून कडेकडेने आबांच्या खोलीपर्यंत गेले.